दुपारी साडेतीनचा बिघाड

मुश्ताकभाई पहिल्यांदा माझ्या दारात आले ते खोडरबर मागायला. चौसष्ट वर्षांचा माणूस, सत्तावीस वर्षं कुवेतमध्ये एसी दुरुस्त करून आलेला, आणि भर उन्हात विचारतोय, "बाई, खोडरबर हाय का? पांढरा पायजे, वासाचा नको." मी बत्तीस वर्षं श्रीवर्धनात विज्ञान शिकवलं. खोडरबर मागणारी माणसं मला नवी नाहीत, पण ती साधारण माझ्या कमरेएवढी असतात.

"काय खोडायचंय?" मी विचारलं.

"समुद्र," ते म्हणाले.

खरंच तसं होतं. आमच्याकडची खारी हवा लोखंडी खिडक्या खाते, पत्रे खाते, आणि कॉम्प्युटरमधल्या रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर धरते. तो पांढऱ्या खोडरबरने घासला की निघतो. हे मला त्या दिवशी कळलं आणि विज्ञानाची शिक्षिका म्हणून थोडं लाजायलाही झालं. रबर घेऊन ते गेले. मी मागोमाग गेले, कारण माझा स्वभाव तसा आहे.

आमची घरं लागून. मध्ये सुपारीची वीसेक झाडं आणि एक मोडका दगडी गडगा. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीतल्या कपाटाची दारं काढून टाकली होती आणि आत एक उघडा कॉम्प्युटर बसला होता. कुवेतच्या ऑफिसने मोडीत काढलेला हा कॉम्प्युटर त्यांनी परत येताना ब्लँकेटात गुंडाळून आणला होता. त्याला दोन जादा पंखे, एसीच्या जाळीतून कापून बसवलेली गाळणी, आणि खाली चार अर्ध्या करवंट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून पाणी भरलेल्या. ना स्वतःचा पडदा, ना की-बोर्ड, फक्त एक वायर टीव्हीला गेलेली. मुश्ताकभाई त्याला सर्व्हर म्हणायचे. त्यांची बायको नूरबानू त्याला डबा म्हणायची.

"ह्याच्यात आहे काय?" मी विचारलं.

"लगनं," नूरबानू आतून म्हणाली. "अख्ख्या मोहल्ल्याची लगनं."

हे मात्र समजावून सांगायला हवं. ह्या मोहल्ल्यात घरटी एक पुरुष आखातात. बहिणीचं लग्न ठरलं, पण सुट्टी मिळाली नाही, अशी प्रत्येक घराची कथा. म्हणून पूर्वी इथं लग्नाचं शूटिंग नवरा-नवरीसाठी व्हायचंच नाही, ते व्हायचं न आलेल्या माणसासाठी. कॅमेरावाल्याला ताकीद असायची: जेवणाच्या पंगती दाखव, आजी दाखव, नवा रंग दिलेली भिंत दाखव. मग ती कॅसेट कुणाच्या तरी बॅगेतून कुवेतला, दोहाला जायची आणि खोलीतले दहा जण ती बघायचे. आता त्या कॅसेटींना बुरशी धरली होती. मुश्ताकभाई घरोघर फिरले, पिशव्या भरून कॅसेटी आणल्या, कापसाने पुसल्या, एका म्हाताऱ्या व्हीसीआरवर चालवून एकेक सर्व्हरमध्ये उतरवली. ज्याच्या घरचं लग्न त्याला त्याचा पासवर्ड. दुसऱ्याचं दिसायचं नाही. ही अट नूरबानूची. "बायकांची तोंडं हायत त्यात," ती म्हणाली, आणि विषय संपला.

सर्व्हर तासन्‌तास चालायचा आणि मुश्ताकभाई त्याच्यासमोर स्टुलावर बसायचे. कुवेतमध्ये प्रत्येक एसीची वही ठेवायची सवय, तशी ह्याचीही वही होती. तारीख, वेळ, दोष, उपाय. अक्षर इतकं सुंदर की माझ्या एकाही विद्यार्थ्याचं नव्हतं. मी हेवा वाटून वही चाळली आणि बघितलं की डिसेंबरच्या सुरुवातीपासून दोषाच्या रकान्यात रोज एकच ओळ: अचानक बंद.

"रोज?"

"रोज. दुपारी साडेतीनला." त्यांनी बोट ठेवलं. ३:३४. ३:३४. ३:३५. ३:३५. ३:३६. "बंद पडतो नि आपोआप चालू व्हतो. सकाळी नोंद बघतो तवा कळतं."

पुढचे पंधरा दिवस त्या माणसाने जे केलं त्याला चिकाटी म्हणायचं की खूळ, हे मी अजून ठरवलेलं नाही. रॅम घासली. पंखे बदलले. दुपारचा उकाडा म्हणून ओला पंचा खिडकीत टांगला. व्होल्टेज पडत असेल म्हणून वायरमन कमलेशला बोलावून मीटरपासून तपासणी केली. शेवटी यूपीएस आणला, म्हणजे वीज गेली तरी अर्धा तास चालेल. दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा ३:४०, अचानक बंद.

मग ते पहाऱ्याला बसले. सव्वातीन ते चार, सर्व्हरवरून नजर न काढता. मीही एक दिवस बसले, सुपारी सोलायला घेऊन. तीन चाळीस झाले, पावणेचार झाले, सर्व्हर बैलासारखा घोरतोय. काही बंद पडलं नाही. आणि सकाळी नोंद म्हणते, काल दुपारी ३:४१ ला अचानक बंद.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हा माझ्या डोळ्यांदेखत मेला नि मला दिसला न्हाय."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा बघून मी विचारलं की एवढं काय अडलंय? डबाच तो. बंद पडला, चालू झाला.

तेव्हा त्यांनी मला अंगणात नेलं आणि सांगितलं. मुलीचं, जुनेराचं, लग्न तेवीस वर्षांपूर्वी झालं आणि त्यांना सुट्टी मिळाली नाही. कॅसेट आली. कुवेतच्या खोलीत त्यांनी ती इतक्या वेळा बघितली की फीत झिजली. सर्व्हरमध्ये उतरवली आणि दुसऱ्याच दिवशी व्हीसीआरने ती गिळली, तुकडे झाले. म्हणजे आता जुनेराचं लग्न जगात एकाच जागी होतं, ह्या डब्यात. फेब्रुवारीत जुनेराच्या मुलीचं, सिदराचं, लग्न. तिच्या मेंदीच्या दिवशी सगळ्यांनी बसून आईचं लग्न बघायचं ठरलं होतं.

"आणि त्यात एक जागा हाय," ते म्हणाले. "मेंदीच्या संध्याकाळी मी फोन केलता. शेजारच्यांकडं फोन व्हता, पोरीला तिथं नेली. कॅमेरावाला मागनं गेला. मी 'बेटा, मुबारक' म्हणलो नि कार्ड संपलं. एक मिनिट पण न्हाय झालं. मी बूथमधी उभा, मागं लाइन. आणि बाई, कॅसेटमधी पोरगी पुढं तीन मिनिटं बोलत ऱ्हायली. मुक्या फोनाशी. हां अब्बा, जेवले अब्बा, न्हाय रडत अब्बा. आम्मीला वाईट वाटू नये म्हणून. नूरबानूला आजतागायत ठावं न्हाय. तिला वाटतं मी चार मिनिटं बोललो."

मला गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की मी रागावते, म्हणून मी रागावले. "मग शहाण्या माणसा, त्याची दुसरी प्रत का नाही काढली?"

"मशीन धड झाली की काढतो म्हणलो. खराब मशीनवरनं प्रत काढली तर प्रत पण खराब यायची."

उंटावरचे शहाणे असतात ते असे. रोज संध्याकाळी ते त्याच फायलीतले ओरखडे साफ करायचं काम सर्व्हरला लावायचे, टीव्हीवर ते लग्न चालू ठेवायचे आणि मशिदीत जायचे. सगळं चकचकीत झाल्यावर प्रत.

त्यानंतर पंधरवड्याने मी तांदळाच्या पिठाचा डबा परत द्यायला त्यांच्याकडे गेले. जानेवारीतली संध्याकाळ. मुश्ताकभाई नुकतेच मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजाला निघाले होते, दारातच भेटले. नूरबानूने बसवलं, चहा टाकला. तिच्या हॉलमध्ये भिंतीवर दोन घड्याळं आहेत, एक आपलं आणि एक अडीच तास मागे. ते दुसरं कुवेतचं. नवरा कधी उठला, कधी कामावरून सुटला, फोनची वाट कधी बघायची, हे तिने सत्तावीस वर्षं त्या घड्याळात बघितलं. ते परत येऊन सहा वर्षं झाली तरी ती त्याला सेल घालते. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "चालत्या घड्याळाला कशाला मारू?"

मशिदीतून बांग सुरू झाली. नूरबानूने डोक्यावरून पदर घेतला, उठली, टीव्हीच्या बोर्डाकडे गेली आणि खटकन बटण बंद केलं. टीव्ही गेला. कपाटातला यूपीएस पिप-पिप ओरडायला लागला. ती शांतपणे कपाटाशी गेली आणि यूपीएसचंही बटण दाबून धरलं. पंखे थांबले. हॉलमध्ये बांगेशिवाय आवाज राहिला नाही.

मी कप हातात धरून भिंतीकडे बघितलं. आपल्या घड्याळात सहा वाजून एकोणीस मिनिटं. कुवेतच्या घड्याळात तीन एकोणपन्नास.

बांग संपेपर्यंत मी मनात अडीच तासांची वजाबाकी करून बघितली. संपल्यावर विचारलं, "भाभी, हे रोज?"

"रोज म्हणजे? बांगेच्या वक्ताला लगनातली गाणी वाजवू का घरात? ढोल हाय त्यात, बायका गातायत. नमाज पडते नि परत लावते." मग यूपीएसकडे बघून म्हणाली, "आणि हा नवा डबडा तर ऐन बांगेत बोंबलतो."

आता सगळं लख्ख झालं. सर्व्हरमध्ये नवी प्रणाली घालताना त्याने विचारलं असणार, तुम्ही कुठे राहता? आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने मुश्ताकभाईंचं बोट कुवेतवर पडलं. यंत्र बिचारं खरं बोलत होतं. त्याचं साडेतीन म्हणजे आपलं सहा. सूर्य जसा रोज थोडा उशिरा मावळू लागला तशी नोंद दोन-दोन दिवसांनी मिनिटभर पुढे सरकत होती. मगरिबची वेळ दिवसाआड एखादं मिनिट पुढे जाते हे माहीत असलेला माणूस रोज त्याच मिनिटाला घराबाहेर असायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ते नमाजाहून आले. मी सांगितलं. ते आधी माझ्याकडे, मग घड्याळाकडे, मग वहीकडे आणि शेवटी बायकोकडे बघत राहिले.

"सांगितलं का न्हाय मला?"

"तुमी विचारलं का मला?" नूरबानू म्हणाली. "तुमी डब्याला विचारत व्हता."

मला वाटलं आता भांडण होणार, आणि खरं सांगते, मी जरा सरसावून बसले होते. पण ते खो-खो हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम काहीतरी आठवून थांबले आणि कपाटापाशी गेले.

रोज संध्याकाळी काम चालू असायचं ते जुनेराच्या फायलीवर. म्हणजे काम अर्ध्यावर तुटून सव्वा महिना रोज घाव पडला तो नेमका तिच्यावर. बाकी सगळ्यांची लग्नं ठणठणीत होती. जुनेराचं उघडलं, चाललं, आणि मेंदीच्या संध्याकाळी, शेजारच्या घराचा उंबरठा दिसल्यावर, थांबलं.

बारा दिवस ते त्या डिस्कशी झगडले. पुण्याच्या कुणाशी फोनवर बोलले, रात्रंदिवस नाही पण जागेपणचा प्रत्येक तास दिला. पुढचा-मागचा सगळा भाग सोडवून आणला. सात मिनिटं आली नाहीत. त्या सातात ती चार होती.

"दोन्ही टोकं जोडून टाका," मी म्हटलं. "कुणाला कळणार नाही."

"न्हाय बाई. जागा ऱ्हाऊ दे." त्यांनी तिथं सात मिनिटं कोरी ठेवली. आणि मला बजावलं, "त्यात काय व्हतं ते नूरबानूला बोलू नका. तिनं बटण दाबलं म्हणून गेलं असं तिला वाटंल."

बटण दाबू नकोस असंही ते तिला म्हणाले नाहीत. मशिदीचं वेळापत्रकाचं कार्ड घेऊन बसले आणि वर्षभराच्या मगरिबच्या वेळा सर्व्हरला शिकवल्या. बांगेच्या दोन मिनिटं आधी त्याने स्वतःच हातातलं काम नीट ठेवायचं, झोपायचं, टीव्हीही बंद करायचा, आणि अर्ध्या तासाने उठायचं. अशा रीतीने श्रीवर्धनातला एक कॉम्प्युटर वेळेचा पक्का झाला. प्रत्येक लग्नाच्या दोन-दोन प्रतीही निघाल्या. एक डिस्क माझ्या कपाटात आहे, माझ्या साड्यांखाली.

सिदराच्या मेंदीच्या दिवशी दुपारपासून हॉल बायकांनी भरला. मीही गेले. सिदरा दोन्ही हात पसरून बसलेली, हातावर ओली मेंदी, शेजारी तिची आई जुनेरा, आता चव्वेचाळीस वर्षांची, चष्मा लावलेली. नूरबानू मध्ये. हॉलमध्ये बायका, म्हणून मुश्ताकभाई मागच्या दाराबाहेर भिंतीच्या आडोशाला उभे.

टीव्हीवर तेवीस वर्षांपूर्वीचं घर आलं. बायका ओरडायला लागल्या. ही बघ फलाणी, केवढीशी होती, हे बघ गेली बिचारी. पंगती झाल्या, आजी झाली, नवा रंग दिलेली भिंत झाली. मग जुनेरा शेजारच्या घराकडे निघाली, उंबरठा दिसला, आणि पडदा काळा झाला.

"बिघडलं काय गो?" कुणीतरी म्हणालं.

"बिघडलं न्हाय," नूरबानू म्हणाली. "हितं फोन आलता." ती सिदराकडे वळली. "तुझ्या नानाचा. कुवेतहून. मी घड्याळ बघून बसलेली. ते कामावरनं सुटले, आता येईल, आता येईल. आला. तुझी आई पळाली. पण तिच्या हाताला मेंदी, ओली, ही तुझ्यासारखी. फोन धरंल कशानं? मीच धरला तिच्या कानाला."

दाराबाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बहुतेक स्टूल.

"नाना 'मुबारक' म्हणाले नि लाइन कट. ऐकू आलं ना मला, माझ्या हातातच फोन, टूं टूं टूं. मी काढणार, तर ही बोलायला लागली." तिने जुनेराकडे बघितलं. "हां अब्बा. जेवले अब्बा. मला वाटलं, कॅमेरा चालूय. कॅसेट त्यांच्याकडं जाणार. त्यांना दिसू दे, पोरगी बोलतेय. म्हणून मी फोन खाली ठेवलाच न्हाय. हात दुखाया लागला माझा. पण धरून ठेवला."

"आम्मी," जुनेरा म्हणाली. "मी तुझ्यासाठी बोलत व्हते गो. तुला कळू नये म्हणून."

"ठावं हाय मला."

मी रडले. मी लपवत नाही, चांगली नाक पुसत रडले, आणि हॉलमध्ये कोरडं कुणीच नव्हतं. सिदराला डोळे पुसता येईनात, मेंदीमुळे. तिचे डोळे तिच्या आजीने पुसले.

सात मिनिटं संपली, चित्र परत आलं, जुनेरा शेजारच्या घरातून परत येत होती. ते थोडं चाललं असेल-नसेल, तर टीव्ही आपोआप बंद झाला, पंखे मंदावत थांबले. नूरबानू सवयीने बोर्डाकडे जायला उठली होती, ती अर्ध्या वाटेत उभी राहिली. दोन मिनिटांनी बांग झाली.

बायका नमाजाच्या तयारीला लागल्या तशी मी मागच्या दाराने निघाले. मुश्ताकभाई अजून तिथंच होते, मशिदीत गेले नव्हते. भिंतीला टेकून उभे, चेहरा ओला.

"शंभर वेळा बघितलं असंल मी ते," ते म्हणाले. "पोरीच्या तोंडाकडं बघत व्हतो, बाई. फोन धरलेला हात दिसत व्हता. चार मिनिटं दिसत व्हता. हिरव्या बांगड्या व्हत्या त्यात. तो कुणाचा, हे मी बघितलंच न्हाय."

आतून नूरबानूने हाक मारली, मशिदीतली जमात चुकली तर नमाज घरातच पडा, जागा केलीये. ते डोळे पुसून आत गेले.